लॅपटॉपची राखण

"बैल गेला आणि झोपा केला" ही म्हण आमच्या वऱ्हाडांत कोणास ठाऊक नाहीं? गोठ्यांतील बैल चोरीस गेल्यावर जो धनी दाराला झोपा बांधावयास बसतो, त्याला सारें गांव हंसतें. परंतु या म्हणीवर हंसणारे आपण सर्वजण एका नव्या वस्तूच्या बाबतींत आज नेमकें तसेंच वागत आहों, असें आम्हांस वाटतें. ही नवी वस्तु म्हणजे विद्यार्थ्याचा लॅपटॉप. त्याच्या राखणीविषयीं चार शब्द विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या हिवरखेडास आणि आसपासच्या खेड्यांस राखण म्हणजे काय, हें नव्यानें शिकवावें लागत नाहीं. हरभऱ्यास घाटे धरले, म्हणजे रानडुकरांपासून तो वांचविण्याकरितां शेतकरी थंडीच्या रात्रीं जागलीस जातो. घरीं आलेला कापूस विकला जाईपर्यंत त्याच्या शेजारींच बाज टाकून निजतो. असें असतांना चाळीस हजार रुपयांचा लॅपटॉप तोच शेतकरी मुलाच्या हातीं देतो आणि राखणीचा एक शब्दहि सांगत नाहीं. २०२४-२५ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव क्विंटलास ७,५२१ रुपये होता. त्या भावानें हिशेब केला, तर चाळीस हजारांच्या यंत्रांत सवापांच क्विंटलांहून अधिक कापूस सामावलेला आहे. हा हिशेब नुसत्या विक्रीचा झाला. बीं-बियाणें, खत, फवारणी आणि वेचणी यांचा खर्च वजा केल्यावर तेवढी रक्कम शिल्लक पडण्यास किती कापूस पिकवावा लागेल, हें ज्याचें त्यानें ताडून पाहावें.

वस्तु जितकी हलकी, तितकी ती चोरास सोयीची. १९८१ सालीं अमेरिकेंत ऑस्बोर्न नांवाचा संगणक विक्रीस आला. हातांत धरून नेतां येईल आणि बाजारांत खपेल, अशा संगणकांत तो पहिल्यांपैकीं एक होय. त्याचें वजन सुमारें ११ किलो होतें, म्हणजे तो उचलून पळूं पाहणाऱ्या चोरास चांगलाच दम लागला असता! आजचा लॅपटॉप दीड-दोन किलोंचा असतो व वह्यांच्या दप्तरांत सहज मावतो. जी सोय विद्यार्थ्याची झाली, तीच चोराचीहि झाली. शिवाय या मालाचा एक विशेष आहे. सोन्याची आंगठी गेली, तर आंगठीची किंमत जाते. लॅपटॉप गेला, तर यंत्राची किंमत जातेच. परंतु त्याच्या पोटांत जें सांठविलेलें असतें तेंहि जातें, आणि त्याची किंमत कोणत्याच पावतीवर लिहिलेली नसते.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी पुण्यास अभियांत्रिकीचें शिक्षण घेत होता. दिवाळीच्या सुटींत तो रात्रीच्या आगगाडीनें अकोल्यास येण्यास निघाला. लॅपटॉपची पिशवी त्यानें खिडकीजवळच्या खुंटीस अडकविली आणि तो निजला. पहांटे जाग आली तेव्हां खुंटी रिकामी होती. यंत्राचें दुःख त्यानें व त्याच्या वडिलांनीं मुकाट्यानें गिळलें. परंतु त्या यंत्रांत त्याच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. कॉलेजांतील एका उपक्रमासाठीं त्यानें तिला समोर बसवून त्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. पुढें दोन महिन्यांनीं आजी वारली. ओव्यांची दुसरी प्रत कोठेंच ठेवलेली नव्हती. चोरानें विकण्यापूर्वीं तें यंत्र पुसून कोरें केलें असेल; आपण काय पुसत आहों, हें त्याच्या गांवींहि नसेल. नवा लॅपटॉप त्या मुलानें पुढें हप्त्यांनीं घेतला. आजीचा आवाज हप्त्यांनीं मिळत नाहीं.

या हानींतील मोठा भाग टाळतां आला असता, आणि तोहि फारशा खर्चावांचून. म्हणून विद्यार्थी मित्रांस आमचें पहिलें सांगणें हें कीं, जें एकाच ठिकाणीं आहे तें आपलें आहे असें मानूं नका. जाणते लोक महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती ठेवतात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असतात, आणि त्यांतील निदान एक प्रत निराळ्या जागीं असते. एक प्रत लॅपटॉपमध्यें, दुसरी घरच्या कपाटांतील सुट्या डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील आपल्या खात्यांत, इतकी व्यवस्था पुरे. आठवड्यांतून एक वार ठरवून घ्यावा व त्या दिवशीं नव्या मजकुराची प्रत करावी. बी राखून ठेवल्यावांचून सारें धान्य विकणारा शेतकरी जसा शहाणा नव्हे, तसाच प्रत न ठेवणारा विद्यार्थीहि नव्हे.

दुसरी गोष्ट परवलीच्या शब्दाची. पुष्कळांस वाटतें कीं, लॅपटॉप उघडतांना आपण परवलीचा शब्द घालतों, तेव्हां आंतील मजकूर सुरक्षित आहे. ही समजूत पुरती खरी नव्हे. घराच्या दाराला कुलूप असलें, तरी भिंत फोडून आंत शिरतां येतेंच. त्याचप्रमाणें यंत्रांतील डिस्क काढून ती दुसऱ्या यंत्रास जोडली, तर परवलीचा शब्द ठाऊक नसतांहि आंतील मजकूर वाचतां येतो. याला उपाय म्हणजे डिस्कवरील सारा मजकूर गुप्त लिपींत ठेवणें. विंडोजमध्यें ही सोय बिटलॉकर अथवा डिव्हाइस एन्क्रिप्शन या नांवानें आणि ॲपलच्या यंत्रांत फाइलव्हॉल्ट या नांवानें मिळते. ती चालू आहे कीं नाहीं, हें प्रत्येकानें स्वतः पाहून घ्यावें. बिटलॉकर चालू केल्यास ४८ अंकांची एक किल्ली मिळते. ती कागदावर उतरून घरीं ठेवावी. लॅपटॉपच्या पिशवींत ठेवूं नये. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीस अडकविण्यांत काय शहाणपण?

हा विषय केवळ विद्यार्थ्यांपुरता नाहीं. ३ मे २००६ रोजीं अमेरिकेच्या माजी सैनिकांविषयींच्या सरकारी खात्यांतील एका नोकराच्या घरीं चोरी झाली आणि त्याचा लॅपटॉप व डिस्क गेली. त्यांत सुमारें २ कोटी ६५ लक्ष माणसांचीं नांवें, जन्मतारखा व ओळखक्रमांक होते, आणि तो मजकूर गुप्त लिपींत ठेवलेला नव्हता. पुढें जूनच्या अखेरीस यंत्र सांपडलें, आणि मजकूर कोणीं उघडला नसावा असा तपासणाऱ्यांनीं निर्वाळा दिला. परंतु तोंपर्यंत साऱ्या देशाचा जीव टांगणीस लागला होता. एका घरांतील एका पिशवीनें हें घडविलें! ज्या पालकांच्या घरच्या संगणकांत बँकेचे कागद, जमिनीचे उतारे, आधारपत्रिकेची प्रत आणि मुलांचे दाखले असतात, त्यांनीं या गोष्टीचा विचार करावा.

तिसरी गोष्ट क्रमांकाची. प्रत्येक लॅपटॉपवर त्याचा स्वतःचा एक क्रमांक असतो. बहुधा तो यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो आणि खोक्यावरहि असतो. तो आजच वहींत लिहून ठेवा, त्याचें छायाचित्र घ्या, आणि खरेदीची पावती घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. हें काम पांच मिनिटांचें आहे, परंतु पुढें पोलीस ठाण्यांत "तुमचा लॅपटॉप कोणता?" असा प्रश्न आला, म्हणजे या पांच मिनिटांची किंमत कळते. "काळा होता, झांकणावर थोडा ओरखडा होता" एवढें सांगून कोणासहि आपली वस्तु परत मिळत नाहीं. यंत्र हरवल्यास त्याचा ठिकाणा शोधण्याची एक सोय विंडोजमध्यें आणि ॲपलच्या यंत्रांतहि आहे. मात्र ती आधींच चालू करून ठेवावी लागते, आणि यंत्र इंटरनेटशीं जोडलें गेलें तरच तिचा चांगला उपयोग होतो. चोरी झाल्यावर ती चालू करूं म्हणणें, म्हणजे पुन्हां झोप्याचीच गोष्ट!

प्रवासांतील काळजी तर सर्वांस समजण्याजोगी आहे. आगगाडींत खालच्या बाकाखालीं सामान सांखळीनें बांधण्याकरितां कड्या असतात; त्यांचा उपयोग करावा. पिशवी साधी असावी. आंत काय आहे, हें तिनें बाहेरून ओरडून सांगूं नये. स्थानकावर गाडी थांबतांना आणि सुटतांना हात पिशवीवर असावा. वसतिगृहांत "दोन मिनिटांत येतों" म्हणून दार उघडें टाकून जाऊं नये. पुष्कळ लॅपटॉपांच्या कडेला एक लहानशी फट असते. तींत कुलपाची तार अडकवून ती टेबलाच्या पायास बांधतां येते. वाचनालयांत बसणाऱ्यांनीं असें कुलूप जरूर घ्यावें. तार कापतां येते हें खरें. परंतु संधि साधून उचलणाऱ्या चोरापाशीं तार कापण्यास वेळ नसतो.

येथवर आम्हीं जें सांगितलें, तें चोरापासून राखण करण्याविषयीं. परंतु या लेखाचें खरें कारण निराळें आहे, आणि तें सांगतांना आम्हांस स्वतःचाहि दोष कबूल केला पाहिजे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या ओळखीच्या एका पालकांनीं आपल्या मुलीसाठीं लॅपटॉप घेतला. गृहस्थ अत्यंत सरळ. कोणाच्या बांधावरचें बोरहि न विचारतां न तोडणारे. त्यांनीं मोठ्या आनंदानें तो आम्हांस दाखविला. "गुरुजी, पोरीसाठीं घेतला. नवाकोरा हाये, अन् स्वस्तांत भेटला," असें ते म्हणाले. किंमत ऐकून आम्हांस नवल वाटलें, कारण ती बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी होती. आम्हीं त्यांचें अभिनंदन केलें. "पावती कोठें आहे?" हा प्रश्न आमच्या मनांत आला होता, परंतु आनंदांत विरजण कशाला घाला, म्हणून आम्हीं तो विचारला नाहीं. पांच महिन्यांनीं पोलीस त्या यंत्राच्या क्रमांकाचा माग काढीत त्यांच्या दारीं आले. लॅपटॉप चोरीचा होता. तो मुद्देमाल म्हणून जप्त झाला. वडिलांस जबाब देण्यास दोन वेळां ठाण्यावर जावें लागलें. मुलीची परीक्षा तोंडावर आली होती, तिचा सारा अभ्यास त्या यंत्रांत होता. ठाण्यांतून परत येतांना ते आम्हांस रस्त्यांत भेटले, आणि मान वर न करतां निघून गेले. "मानूस वयखीचाच होता," एवढेंच ते मागाहून कोणापाशीं तरी बोलले.

त्या दिवसापासून आमच्या मनांत एक विचार घर करून बसला आहे. आगगाडींतील त्या मुलाचा लॅपटॉप चोरानें स्वतः वापरण्याकरितां नेला नव्हता. तो कोणीतरी विकत घेणार, हें त्यास ठाऊक होतें. तो कोणीतरी म्हणजे कोण? दरोडेखोर नव्हे, सराईत गुन्हेगारहि नव्हे. तो एखादा सरळ मनाचा बापच असणार, ज्याला आपल्या लेकरासाठीं स्वस्तांत वस्तु हवी आहे आणि जो पावती मागण्यास संकोचतो. चोर पिशवी उचलतो खरा. परंतु त्या पिशवीचें मोल आपण देतों. घेणाराच नसेल, तर चोरीचा लॅपटॉप हें दोन किलोंचें निरुपयोगी ओझें आहे.

नवल हें कीं, पावती मागण्याची ही शिस्त आपण वऱ्हाडी लोक दुसऱ्या एका व्यवहारांत पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आलों आहों. गुरांच्या बाजारांत बैल घेतांना पावती केल्यावांचून कोणी दोर हातांत घेत नाहीं. बैलाचा रंग, शिंगांची ठेवण, तो दोन दांती कीं चार दांती, अंगावर खूण कोणती, हें सर्व पाहून मगच तो घ्यावयाचा. सख्ख्या व्याह्याचा बैल असला तरी पावती होते, आणि त्यांत व्याह्याला आपला अपमान झालासें वाटत नाहीं. आतां तर १ जून २०२४ पासून, कानांत बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीस महाराष्ट्रांत मनाई आहे. म्हणजे मुक्या जनावराचाहि क्रमांक पाहून सौदा होतो. आणि ज्याच्या पाठीवर कारखान्यांतूनच क्रमांक छापून आलेला असतो, त्या लॅपटॉपचा मात्र क्रमांक कोणी पाहत नाहीं!

चोरीचा माल विकतां येऊं नये, हाच चोरीवरील खरा उपाय आहे, हें जगांतील शहाण्या लोकांनींहि ओळखलें आहे. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या नांवाची एक चळवळ अमेरिकेंत निघाली होती. तिनें गरीब देशांतील मुलांसाठीं एक स्वस्त, हिरव्या-पांढऱ्या रंगाचा लॅपटॉप तयार केला. २००७ सालीं आपल्या महाराष्ट्रांत, रायगड जिल्ह्यांतील एका लहानशा खेड्याच्या शाळेंत, त्याचा प्रयोगहि झाला. या यंत्राचें रूप मुद्दाम असें ठेवलें होतें कीं, तें एखाद्या प्रौढ माणसाच्या हातीं दिसतांच पाहणाराच्या मनांत यावें, "हें तर लेकराचें यंत्र!" शिवाय त्यांत अशी एक योजना आंखलेली होती कीं, यंत्रानें वेळोवेळीं इंटरनेटवरून परवानगी घ्यावी, तें चोरीस गेल्याची नोंद झालेली असली, अथवा ठरलेल्या मुदतींत परवानगी आली नाहीं, तर तें आपोआप बंद पडावें. जें चालत नाहीं आणि लपतहि नाहीं, तें विकत कोण घेईल?

भ्रमणध्वनीच्या बाबतींत आपल्या सरकारनेंहि हीच वाट धरली. प्रत्येक भ्रमणध्वनीस पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. चोरीस गेलेल्या भ्रमणध्वनीचा हा क्रमांक सरकारी नोंदींत घालून तो देशभर बंद पाडण्याची व्यवस्था प्रथम २०१९ सालीं महाराष्ट्रांत प्रयोगादाखल सुरू झाली आणि मे २०२३ पासून साऱ्या भारतांत लागू झाली. परंतु ज्या लॅपटॉपमध्यें सिमकार्ड बसत नाहीं, त्यास असा क्रमांक नसतो. म्हणून या व्यवस्थेचा त्यास उपयोग नाहीं. जें काम भ्रमणध्वनीसाठीं सरकारची नोंदवही करते, तें लॅपटॉपसाठीं विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकासच करावें लागतें. म्हणजे तुम्हां-आम्हांस.

कायद्याचें म्हणणेंहि पालकांनीं नीट समजून घ्यावें. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलांत आहे. तिच्या ३०३ व्या कलमान्वयें चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावासाची, आणि राहत्या घरांतून अथवा प्रवासी वाहनांतून केलेल्या चोरीस ३०५ व्या कलमान्वयें सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. परंतु ३१७ वें कलम चोराविषयीं नाहीं. तें माल घेणाऱ्याविषयीं आहे. वस्तु चोरीची आहे हें जाणून, अथवा तसें मानण्यास कारण असतांना, जो ती अप्रामाणिकपणें घेतो किंवा जवळ ठेवतो, त्यासहि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊं शकते. "मानण्यास कारण" हे शब्द पुनः वाचा. साठ हजारांची वस्तु वीस हजारांस, चार्जरवांचून, पावतीवांचून विकावयास येते, आणि विकणारास तिचा परवलीचा शब्दहि ठाऊक नसतो. याहून मोठें कारण तें कोणतें? बरें, घेणारा अगदीं अजाण ठरला आणि शिक्षेपासून सुटला, तरी वस्तु त्याची होत नाहीं. माल-विक्रीचा १९३० चा कायदा असें सांगतो कीं, विकणाऱ्यापाशीं जेवढा हक्क असेल, त्याहून अधिक हक्क सामान्यतः घेणाऱ्यास मिळत नाहीं. चोरापाशीं हक्कच नाहीं. तेव्हां घेणाऱ्याचा पैसाहि जातो आणि वस्तुहि जाते.

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, हें सर्व पैसेवाल्यांस शोभतें. ज्याच्या शेतांतला कापूस बोंडअळीनें खाल्ला, त्यानें नवा लॅपटॉप कोठून आणावा?" हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. वापरलेली वस्तु घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. आमच्या स्वतःच्या टेबलावरचा लॅपटॉप वापरलेलाच आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, वापरलेला घ्या, पण पाहून घ्या. मूळ पावती मागा आणि तिच्यावरील क्रमांक यंत्रावरील क्रमांकाशीं ताडून पाहा. पावती खरोखरच गहाळ झाली असेल, तर विकणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या: नांव, पत्ता, यंत्राचा क्रमांक, किंमत, तारीख आणि सही. सोबत त्याच्या ओळखपत्राची एक प्रत घ्या. यंत्र त्यास आपल्यासमोर उघडावयास सांगा आणि त्याचें खातें त्याच्याच हातानें काढून टाकावयास सांगा. प्रामाणिक विक्रेता हें सर्व हंसतमुखानें करील. जो चिडेल, घाई करील, किंवा "विश्वास नाहीं काय?" असें विचारील, त्यास नम्रपणें नमस्कार करून घरीं यावें. विश्वास आणि पावती यांचें वैर नाहीं. पावतीमुळेंच विश्वास टिकतो. गरिबास तर ही दक्षता अधिकच हवी, कारण श्रीमंताचा लॅपटॉप जप्त झाला तर तो दुसरा आणील. गरिबाचे वीस हजार पुन्हां उभे राहण्यास एक हंगाम जावा लागतो.

इतकी दक्षता घेऊनहि चोरी झालीच, तर काय करावें, तेंहि सांगून ठेवतों. लाजेनें अथवा कंटाळ्यानें गप्प बसूं नये. पुष्कळ लोक वस्तु गहाळ झाल्याची नोंद करून स्वस्थ बसतात. परंतु गहाळ होणें निराळें आणि चोरी निराळी. चोरीचा प्रथम खबर अहवाल लिहविला, तरच तपास चालतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणें चोरी कोठेंहि झालेली असो, खबर कोणत्याहि पोलीस ठाण्यांत देतां येते. मनमाडच्या पुढें चोरी झाली, म्हणून हिवरखेडच्या ठाण्यांत ती सांगतां येत नाहीं, असें नाहीं. खबर इलेक्ट्रॉनिक साधनानेंहि देतां येते. मात्र तीन दिवसांच्या आंत तिजवर सही करावी लागते. अहवालाची प्रत खबर देणाऱ्यास विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. आगगाडींत असल्यास १३९ या क्रमांकावर कळवावें. त्याच दिवशीं दुसऱ्या यंत्रावरून टपालाचे, बँकेचे व इतर खात्यांचे परवलीचे शब्द बदलावे. चोरलेल्या माहितीच्या आधारें कोणीं पैशांची फसवणूक केलीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

आणि वस्तु सांपडलीच, तर ती न्यायालयाच्या हुकुमानें मालकास सुपुर्तनाम्यावर मिळूं शकते. मुद्देमाल ठाण्यांत अकारण कुजत ठेवूं नये, तो योग्य अटींवर लवकर परत द्यावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं सुंदरभाई देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यांत सांगितलें आहे. परंतु तेथेंहि प्रश्न तोच येतो: ही वस्तु तुमचीच कशावरून? उत्तर पुन्हां तेंच, पावती आणि क्रमांक. ज्या कागदामुळें चोराचा माल विकला जात नाहीं, त्याच कागदामुळें धन्याचा माल धन्यास मिळतो.

शेवटीं आपल्या शाळेपुरती एक सूचना करतों. या वर्षीं प्रत्येक वर्गांत एक वही ठेवावी. ज्यांच्या घरीं लॅपटॉप आहे, त्या विद्यार्थ्यांनीं आपल्या यंत्राचा क्रमांक आणि खरेदीची तारीख तींत लिहावी. वही कार्यालयांत कुलपाखालीं राहील. ज्यांच्या घरीं तो नाहीं, त्यांनीं मनाशीं एक निश्चय करावा: पुढें जेव्हां घेऊं, तेव्हां पावती घेऊन घेऊं. दोन्ही कामें सारख्याच योग्यतेचीं आहेत. पालकांस आमची विनंति ही कीं, मुलानें "बाबा, याची पावती कोठें आहे?" असें विचारलें, तर त्यास आगाऊ म्हणून गप्प बसवूं नये. तो प्रश्न आम्हीं एके काळीं विचारावयास हवा होता. आम्हीं तो विचारला नाहीं, आणि एका सज्जनाची मान रस्त्यांत खालीं झाली. आमच्या विद्यार्थ्यांनीं तो विचारावा.

झोपा बांधावयाचा तो बैल गोठ्यांत असतांनाच बांधावा. आणि दुसऱ्याच्या गोठ्यांतून सुटलेला बैल आपल्या दारीं आला, तर त्याला दावें लावण्यापूर्वीं त्याचा धनी कोण, हें विचारावें. गांवची राखण या दोन गोष्टींनीं पुरी होते.